मूळ प्रत नसलेली गाणी

१

हस्तलिखितांच्या सूची तयार करण्यात माझी उणीपुरी तीस वर्षे गेली. एखाद्या ग्रंथाच्या सात-आठ पोथ्या समोर आल्या की आमचे काम ठरलेले असे. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, कोणाच्या चुका कोणी पुढे नेल्या आणि या सगळ्यांच्या मागे असलेली, बहुधा हरवलेली, मूळ प्रत कशी असेल, याचा माग काढायचा. पाठभेद नोंदवायचे तेही त्या मूळ प्रतीपर्यंत पोचण्यासाठीच. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती याच ओढीने. नंतरच्या कोणी तीत आपली भर घालू नये, अशी ताकीदही शेवटी लिहून ठेवली. शुद्ध प्रत एक असते आणि बाकीच्या तिच्या कमीअधिक बिघडलेल्या नकला असतात, हे गृहीतक माझ्या हाडीमांसी खिळलेले होते.

ते पहिल्यांदा डळमळले एका बेडकामुळे. भाचा शिक्षणासाठी अमेरिकेतल्या ऑस्टिनला गेला, तेव्हा त्याने एका भिंतीचे छायाचित्र पाठवले. पांढऱ्या भिंतीवर लहान मुलाने काढावा तसा बेडूक, डोळे देठांवर बसवल्यासारखे वर आलेले, आणि शेजारी इंग्रजीत तीनच गोष्टी विचारल्यासारखी एक विचारपूस : ‘हाय, हाउ आर यू’. भाच्याने लिहिले होते, ‘मामा, हे एका कॅसेटचं मुखपृष्ठ आहे. ज्यानं गाणी केली, त्यानंच काढलंय. तो म्हणे सुरुवातीला प्रत्येकाला कॅसेट देताना सगळी गाणी पुन्हा गायचा. तुमच्या पोथ्यांच्या शास्त्रात हे कुठं बसतं?’

प्रश्न थट्टेचा होता. मी मात्र त्याच्या मागे लागलो. त्या कॅसेटी ऐकल्या, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले, जेफ फॉयरझाइग यांनी २००५ मध्ये केलेला ‘द डेव्हिल अँड डॅनियल जॉन्स्टन’ हा माहितीपट दोनदा पाहिला. या लेखात त्या गाण्यांची ओळख करून द्यायची आहे, आणि भाच्याच्या प्रश्नाचे उत्तरही द्यायचे आहे. उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला. त्याचे कारण शेवटी येईल.

२

आधी ‘डेमो’ म्हणजे काय ते पाहू. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला किंवा साथीदारांना गाणे कसे आहे ते कळावे म्हणून गायक घरच्या घरी, बहुधा एकाच वाद्यावर, ते म्हणून ठेवतो. हा गाण्याचा खर्डा. पुढे स्टुडिओत पक्के ध्वनिमुद्रण झाले की खर्ड्याचे काम संपते. आपल्याकडे संगीतकार पेटीवर चाल बांधून ती निर्मात्याला ऐकवतो, त्या बैठकीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच की ती बैठक हवेत विरून जाते आणि डेमो फितीवर राहतो.

खर्डा हीच पक्की प्रत ठरल्याची एक प्रसिद्ध घटना १९८२ची आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन तेव्हा मोठ्या कंपनीचा यशस्वी गायक होता. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार स्वतंत्र मार्गांवर ध्वनी नोंदवणाऱ्या टीअॅक कंपनीच्या कॅसेट यंत्रावर, गिटार आणि माउथ ऑर्गनच्या साथीने नव्या गाण्यांचा डेमो केला. नंतर वाद्यवृंदासह तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण ती जमेनात. शेवटी वेष्टणाशिवाय खिशात घालून फिरवलेली ती कॅसेटच मुद्रिकेसाठी वापरली. तो संग्रह म्हणजे ‘नेब्रास्का’. इथे खर्डा निवडला तो पक्की प्रत करून पाहिल्यानंतर, आणि तो विकायला मागे सगळी यंत्रणा उभी होती.

डॅनियल जॉन्स्टनला असा पर्याय नव्हता. त्याच्याकडे खर्डाच होता. तो प्रकाशित करणारा, त्याचे मुखपृष्ठ काढणारा आणि रस्त्यात उभे राहून तो वाटणाराही तोच. साठच्या दशकात आपल्याकडे लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइलवर काढून हातोहात दिली जात. त्या पिढीच्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही.

३

जॉन्स्टनचा जन्म २२ जानेवारी १९६१चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. पाच भावंडांत तो धाकटा. बालपण वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू कंबरलंड या लहान गावात गेले. घर कडक धार्मिक वळणाचे, वडील दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेले. मुलगा दिवसभर चित्रे काढी, पियानो बडवी आणि बीटल्सची गाणी पारायणे केल्यासारखी ऐके. टेक्ससमधल्या एका ख्रिस्ती विद्यापीठातून तो थोड्याच काळात परत आला. मग घराजवळच्या ओहायोतल्या महाविद्यालयात कला शिकू लागला. तिथे वर्गातल्या एका मुलीवर त्याचे प्रेम बसले. तिने लग्न केले ते अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाशी. एवढ्या एका निराशेवर त्याने पुढे शेकड्याने गाणी रचली.

पहिला संग्रह ‘साँग्ज ऑफ पेन’, १९८०-८१ मधला. आईवडिलांच्या घराच्या तळघरात पियानोवर म्हटलेला. यंत्र सान्योचे, एकच कर्णा असलेले, ५९ डॉलरांचे. १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांत आणखी संग्रह झाले. १९८३च्या उन्हाळ्यात तो टेक्ससमध्ये भावाकडे राहत होता. तिथल्या गॅरेजमध्ये लहान मुलांच्या खेळण्यात शोभेल अशा छोट्या कॉर्ड ऑर्गनवर त्याने ‘यिप/जंप म्युझिक’ केला. लगेच सप्टेंबरात ‘हाय, हाउ आर यू’ झाला, ज्याचे उपशीर्षकच ‘अपुरा संग्रह’ असे आहे. मन ढासळण्याच्या दिवसांतले हे ध्वनिमुद्रण. त्यानंतर तो एका फिरत्या जत्रेबरोबर निघून गेला आणि १९८४ मध्ये ऑस्टिनला येऊन थांबला.

ही गाणी पहिल्यांदा ऐकणारा बहुधा दचकतो. आवाज पातळ, कापरा, वयात न आलेल्या मुलासारखा. ताल मधेच धावतो. बटण दाबल्याचा खट्ट असा आवाज, खुर्चीची करकर, मागे चाललेली घरगुती वर्दळ, हे सारे गाण्यातच आहे. आणि सगळ्यावर पावसाच्या भुरभुरीसारखी एक अखंड खरखर.

या खरखरीविषयी थोडे तपशिलाने सांगायला हवे. पुष्कळ रसिक तिलाच प्रामाणिकपणाची खूण समजतात. तिची कारणे मात्र भौतिक आहेत. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. स्टुडिओतली फीत तिच्या कितीतरी पट रुंद असते आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावते. जितकी फीत अरुंद आणि जितकी संथ, तितके चुंबकीय कण कमी आणि तितकी खरखर जास्त. शिवाय अशा घरगुती यंत्रांत ध्वनीची पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असते. गाणारा जोरात गायला की यंत्र पातळी खाली ओढते, तो थांबला की वर उचलते. त्यामुळे दोन ओळींच्या मधे शांतता पसरत नाही, उलट खोलीच पुढे सरकल्यासारखी होते. श्वास, खरखर, शेजारच्या खोलीतले बोलणे वर येते, आणि पुढचा स्वर लागताच दबून जाते. जॉन्स्टन अगदी कानाशी बसून गातो आहे असे वाटते, त्यात या यंत्रणेचा वाटा मोठा आहे. म्हणून खरखरीला कवीच्या अंतःकरणाचा आवाज म्हणणे मला पटत नाही. तो ५९ डॉलरांच्या यंत्राचा आवाज आहे.

४

आता मूळ प्रश्नाकडे. कॅसेटची नक्कल करायची तर दोन यंत्रे लागतात. एकात मूळ कॅसेट वाजते, दुसऱ्यात कोरी भरते. सुरुवातीला जॉन्स्टनजवळ एकच यंत्र होते. त्यामुळे कोणी कॅसेट मागितली की तो पुन्हा पियानोशी बसे आणि अख्खा संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने गाई. घेणाऱ्याला मिळे ती नक्कल नव्हे, नवे गायन.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे चमत्कारिक आहे. पोथी उतरवताना प्रत्येक पिढीत चुका वाढतात. कॅसेटचेही तसेच. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक वेळी फितीची स्वतःची खरखर आधीच्या खरखरीत मिसळते आणि चौथ्या-पाचव्या पिढीत शब्दही नीट कळेनासे होतात. पण पुन्हा गाऊन केलेल्या प्रतीत ही झीज शिरतच नाही. दहावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते. बदलते ते गाणेच. एखादी लय सैल पडते, एखादा शब्द फिरतो, काल नव्हता असा उमाळा आज येतो. नकलेत गाणे तेच राहते आणि आवाज झिजतो. इथे आवाज ताजा राहतो आणि गाणे तेच राहत नाही.

मग यांतली मूळ प्रत कोणती? पहिली म्हणावी, तर ती पुढच्या प्रतींचा आधार नव्हती. गायकाच्या डोक्यातले गाणे हा सगळ्यांचा आधार. शेवटची म्हणावी, तर तिच्यात काही ‘सुधारले’ असा त्याचा दावा नव्हता. वंशवृक्ष काढायचा तर तो झाडासारखा वाढत नाही. मधे एक माणूस आणि त्याच्याभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर बसलेले ऐकणारे, असे वर्तुळ निघते. प्रत्येक प्रत मूळ आहे आणि प्रत्येक प्रत एका माणसासाठी आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तीच बाई तीच ओवी दुसऱ्या दिवशी वेगळी म्हणते आणि दोन्ही खऱ्या असतात. पण ओवी सामूहिक, तिचा कर्ता शोधायचा नसतो. इथे एकच कर्ता आहे, त्याने गाणे लिहून ठेवले आहे, त्यावर सही करावी तसे मुखपृष्ठ काढले आहे, आणि तरीही त्याची एक प्रमाण प्रत नाही. छापील पुस्तक आणि मौखिक परंपरा यांच्या मधल्या कुठल्याशा जागेवर या कॅसेटी उभ्या आहेत. ही जागा त्याने कुठल्या सिद्धांतापायी निवडली नव्हती. दुसरे यंत्र घ्यायला पैसे असते, तर बहुधा ती निर्माणच झाली नसती.

५

ऑस्टिनमध्ये जॉन्स्टन मॅकडोनल्ड्सच्या उपाहारगृहात टेबले आवरण्याचे काम करी आणि खिशातून कॅसेट काढून पत्रकारांना, वादकांना, आवडलेल्या मुलींना देई. देताना स्वतःची ओळख करून देई. थोड्याच दिवसांत गावातले वादक त्याची गाणी गाऊ लागले. १९८५ मध्ये एमटीव्हीच्या ‘द कटिंग एज’ या कार्यक्रमाचे पथक ऑस्टिनला आले, त्यात तोही झळकला. याच सुमारास जेफ टार्टाकॉव्ह हा चाहता त्याचा व्यवस्थापक झाला आणि ‘स्ट्रेस’ या नावाने कॅसेटींच्या रीतसर नकला टपालाने विकू लागला. इथे पुन्हा गाण्याचे पर्व संपले. कुठले तरी एक गायन ‘तो संग्रह’ म्हणून ठरले आणि बाकीची ज्याच्या-त्याच्या घरी राहिली. दशकाच्या अखेरीस होमस्टेड कंपनीने ‘हाय, हाउ आर यू’ आणि ‘यिप/जंप म्युझिक’ यांच्या तबकड्या काढल्या. १९९२च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात निर्वाणाचा कर्ट कोबेन बेडकाचे चित्र असलेला सदरा घालून आला आणि ते चित्र जगभर पोचले. ऑस्टिनच्या भिंतीवरचा बेडूक १९९३चा, जॉन्स्टननेच काढलेला. तेव्हा तिथे ‘साउंड एक्स्चेंज’ हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. पुढे दुकान बंद झाले आणि भिंत पाडण्याचा बेत निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवली.

या कहाणीची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी बोलताना भान ठेवायला हवे. जॉन्स्टनला गंभीर मनोविकार होता. द्विध्रुवीय विकार आणि स्किझोफ्रेनिया अशी निदाने झाली, आयुष्याची बरीच वर्षे मनोरुग्णालयांत आणि आईवडिलांच्या देखरेखीखाली गेली. १९९० मध्ये ऑस्टिनमधल्या कार्यक्रमानंतर वडील त्याला आपल्या लहान विमानातून घरी नेत होते. झटका आलेल्या मुलाने चालू विमानाची किल्ली काढून बाहेर फेकली. वडील मुरलेले वैमानिक. त्यांनी विमान झाडांवर उतरवले आणि दोघे वाचले. माहितीपटात हा प्रसंग सांगताना त्या वृद्ध माणसाला शब्द फुटत नाहीत. वेडेपणा म्हणजे प्रतिभेची किंमत, असे लिहिणाऱ्यांनी ते दृश्य पाहावे. आजाराने त्याला गाणी दिली असे मला दिसत नाही. गाणी आधीपासून येत होती. आजाराने त्यांचा पुरवठा तोडला, आणि घरच्यांचे आयुष्यही कुरतडले.

श्रोत्यांचेही मन तपासायला हवे. कापऱ्या आवाजाचा, अडखळणारा माणूस मंचावर येतो आणि लोक टाळ्या पिटतात, त्या गाण्याला असतात की कौतुक वाटावे अशा विचित्रपणाला? हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनी स्वतःला विचारलेला आहे. मलाही तो टाळता आला नाही. पहिल्या वेळी ऐकताना मी हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

६

गाणी खरोखर चांगली आहेत की केवळ वेगळी, याचा निवाडा करण्यासाठी दोन पुरावे उपयोगी पडतात.

पहिला पुरावा १९९४चा. एलेक्ट्रा कंपनीचा देकार जॉन्स्टनने आजाराच्या भरात नाकारला, मग अटलांटिक या मोठ्या कंपनीने त्याच्याशी करार केला आणि ‘फन’ हा संग्रह चांगल्या स्टुडिओत, जाणत्या निर्मात्याच्या हाताखाली झाला. खरखर गेली. संग्रह खपला नाही, आणि दोन वर्षांत कंपनीने त्याला सोडले. यावरून खर्डेपणा हेच त्याचे सौंदर्य होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण दुसरा पुरावा त्याला छेद देतो. २००४ मध्ये ‘डिस्कव्हर्ड कव्हर्ड’ नावाचा जोड-संग्रह निघाला. एका तबकडीवर टॉम वेट्स, बेक अशा नामवंतांनी गायलेली जॉन्स्टनची गाणी आणि दुसरीवर बहुतेक तीच गाणी त्याच्या स्वतःच्या आवाजात. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर कळते की चाली भक्कम आहेत. कोणत्याही गळ्यात त्या उभ्या राहतात. स्वर कुठे वळावा, कडवे कुठे मिटावे हे या मुलाला बीटल्सच्या पारायणांतून पक्के ठाऊक झाले होते. त्याच्या हातात कसब नव्हते असे नाही. हातात यंत्र नव्हते.

मग ‘फन’ मध्ये काय हरवले? माझ्या मते ऐकणारा हरवला. कॅसेट करताना समोर एक नक्की माणूस होता. अमुक पत्रकार, अमुक मुलगी, दुकानातला अमुक मित्र. गाणे त्याच्यासाठी म्हटले जाई, पत्र लिहावे तसे. हजारोंसाठी म्हणताना तो पत्ता पुसला गेला. खरखर पुन्हा मिसळून तो परत आणता येत नाही. आज संगणकावर अगदी स्वच्छ ध्वनिमुद्रण करून त्यावर मुद्दाम जुन्या फितीची खरखर चढवण्याची सोय झाली आहे. त्यातून कॅसेटचा भास होतो, पण कॅसेट कोणाला दिली हे मात्र त्यात नसते. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या नभोवाणी केंद्रावर यो ला टेंगो हा वाद्यवृंद वाजवत होता आणि जॉन्स्टन टेलिफोनवरून गात होता. ध्वनीच्या दर्जाचे विचारूच नये. पण टेलिफोनला पलीकडे कोणीतरी असतेच, आणि ते गाण्यात ऐकू येते.

मराठी वाचकाला इथे अरुण कोलटकर आठवावेत. सत्तरच्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाण्यासाठी म्हणून काही रचना केल्या, पखवाजाचे धडे घेतले आणि काही गाण्यांचा डेमोही ध्वनिमुद्रित केला. तो डेमोपाशीच थांबला. त्यातून मुद्रिका निघाली नाही. शब्द मात्र राहिले. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या २००९च्या पुस्तकात ते छापले आहेत. आपण कोलटकरांचे कवी म्हणून इतके ऋणी आहोत की त्या गाण्यांना आपण सहज ‘कवितेचा जोडधंदा’ म्हणून बाजूला ठेवतो. जॉन्स्टन ऐकल्यावर मला वाटू लागले, की छापील शब्द हा त्या गाण्यांचा एक पाठ आहे आणि ध्वनिमुद्रण हा दुसरा. एकाच्या हाताशी असण्याने दुसऱ्याची उणीव भरून येत नाही.

७

हे शेवटचे वाक्य लिहिताना हात थबकला, त्याचे कारण आता सांगतो.

माझे अण्णाकाका सोलापूरला एका गिरणीत हिशेबनीस होते. पेटी वाजवत आणि स्वतः गाणी रचत. कुठे छापायला पाठवली नाहीत. १९८४च्या दिवाळीत ते आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या वडिलांना एक साठ मिनिटांची कॅसेट दिली. अकरा गाणी, पेटी आणि आवाज, मधे कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरच्या भांडीवालीची आरोळी. आम्ही भावंडे त्या शिट्टीलाच जास्त हसलो. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकची पाती असतात. ती मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. काकांनी ती मोडून दिली होती. ‘आता पुसायची भीती नाही,’ असे वडिलांना म्हणाल्याचे मला आठवते.

पाते मोडलेल्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की यंत्र फसते, हे कॉलेजात असताना मला ठाऊक होते. दोन वर्षांनी कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. रेडिओवरची सिनेमाची गाणी उतरवून घ्यायची होती. मी बोळा कोंबला. एका बाजूच्या शेवटाला काकांचे अर्धे कडवे उरले आहे, आणि त्यानंतर काकूला उद्देशून तीन शब्द : ‘झालं. चहा टाक.’

काका गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांना हे कळले होते की नाही, मी कधी विचारले नाही.

भाच्याच्या प्रश्नानंतर मी आत्याला फोन केला. ती आता ब्याऐंशीची आहे. ‘अगं आत्या, अण्णाकाकांनी गाणी म्हटली होती, ती कॅसेट तुझ्याकडे असेल का?’ तिच्याकडे होती, लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीत. मी पंढरपूरला गेलो, ओळखीच्या एका तंत्रज्ञाकडून ती संगणकावर उतरवून घेतली आणि घरी आणून ऐकली. गाणी अकराच. पण कुकरची शिट्टी नाही. भांडीवाली नाही. मला जे अर्धे कडवे पाठ आहे, त्यात दुसऱ्या ओळीचा एक शब्द वेगळा. आणि सुरुवातीला काका म्हणतात, ‘अक्का, हे तुझ्यासाठी.’ त्यांच्याकडेही यंत्र एकच होते. त्यांनी बहिणीसाठी सगळी गाणी पुन्हा म्हटली होती.

सूचीकार म्हणून मी कित्येकदा लिहिले आहे : ‘प्रत अ नष्ट. प्रत ब वरून पाठ निश्चित करता येतो.’ हे इथे लिहिता येत नाही. आत्याची कॅसेट ही आत्याची आहे. ती आमच्या कॅसेटची नक्कल नव्हे, आणि आमच्यासाठी जे गायले गेले ते तिच्यात सापडत नाही. भाच्याला मी अखेर हेच कळवले. ज्या गाण्यांना मूळ प्रत नसते, त्यांची कुठलीच प्रत ‘जादा’ नसते. डॅनियल जॉन्स्टन सप्टेंबर २०१९ मध्ये टेक्ससमधल्या आपल्या घरी वारला. त्याने एकेकासाठी गायलेल्या किती कॅसेटी कोणाकोणाच्या घरी अजून असतील आणि कितींवर कोणी दुसरेच काही भरले असेल, ते त्या-त्या घरालाच माहीत.

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या कॅसेटी निघतात. टाकण्याआधी त्यांची कड बघावी. पाते मोडलेले असेल, तर ते कोणीतरी मुद्दाम मोडलेले आहे.